एकेचाळीस नंबरची हातोडी

सुट्या भागांवर नंबर टाकणं आमच्या घरात कमीपणाचं मानलं जायचं. माझा बाप नारायणगावात बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचा. तमाशाच्या फडांच्या, भजनी मंडळांच्या, कधी एखाद्या शाळेची. पेटी उघडली की तो आतले सगळे पितळी सूर खोलून रॉकेलच्या परातीत टाकायचा, ढवळायचा, पुसायचा आणि मग एकेक उचलून तोंडानं फुंकायचा. फुंकला की सूर आपलं नाव सांगतो. बाप त्याला त्याच्या जागेवर नेऊन बसवायचा. लहानपणी मी एकदा सुरांवर खडूनं आकडे टाकले, तर म्हणाला, "नंबर टाकतो तो बहिरा. तू बहिरी हायेस का गं?"

त्याच्यामागं धंदा मी चालवते. बाई पेटीवाली म्हणून आधी लोक हसले, मग यायला लागले. तुझ्या जिभेला हाड नाही असं सासू म्हणायची, आणि ते खरंच आहे. गिऱ्हाईक फार शहाणपणा करायला लागलं की मी पेटी तशीच उघडी त्याच्या पुढ्यात सारते. "घ्या राव, तुमीच करा." कानाचा मला गर्व आहे. त्या गर्वापायीच पुढचं सगळं झालं, म्हणून आधीच सांगून टाकते.

मंचरच्या एका कांदा-बटाट्याच्या आडत्याचा फोन आला. मारवाडी जैन घर, पण तीन पिढ्या मंचरात, बोलणं आमच्यासारखंच. म्हणाले, "ताई, पेटीसारखंच हाये, निस्तं मोठं. पियानो. कराल का?"

करते म्हणाले. पियानोला मी जन्मात हात लावला नव्हता. मग फोनवर व्हिडिओ बघितले. एक गोरा म्हातारा पियानो उघडत होता आणि प्रत्येक भागावर पेन्सिलीनं काहीतरी लिहीत होता. त्याचं बोलणं कळत नव्हतं, 'नंबर, नंबर' एवढं मात्र पुनःपुन्हा कानावर येत होतं. मला हसू आलं. म्हटलं, बहिरा दिसतोय बिचारा.

दुकानाच्या वर घर. जिन्यातसुद्धा कांद्याचा वास. शेठच्या बायकोला अख्खी बाजारपेठ भाभी म्हणते, वय सत्तरीचं असलं तरी भाभीच. त्या पुण्यात कॅम्पात वाढलेल्या, शाळेतल्या सिस्टरकडं पियानो शिकलेल्या. लग्नात हे धूड बटाट्याच्या ट्रकमधून मंचरला आलं होतं. काही वर्षं वाजलं, मग पोरंबाळं, मग उंदीर. दीड महिन्यामागं भाभींना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली.

"डॉक्टर म्हनले, बोटं हलती ठेवा," शेठ सांगत होते. "जे काय परत यायचं ते पयल्या चार-सहा महिन्यांत येतं, मंग अवघड. रबरी बॉल दिला तर हिनं भिरकावला. रोज पियानोकडं बोट करती. पुण्याचा मानूस आणला, त्यानं आत डोकावून बघितलं आन् म्हनला पार्ट मिळत न्हाईत. ग्येला. आता तुमीच हाये ताई."

भाभी खिडकीशी, पियानोला लागूनच खुर्चीत बसल्या होत्या. डोळे एकदम लख्ख, तोंड थोडं वाकडं. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून पियानोच्या कळीवर ठेवला आणि एक बोट दाबलं. कळ खाली गेली, आवाज काही आला नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी छाती पुढं काढून म्हटलं, "आठ दिवसांत वाजवते बघा भाभी."

आत काय असतं ते साधं आहे. कळ दाबली की एक हातोडी उठते आणि तारांवर आपटते. हातोडी म्हणजे बोटाएवढ्या दांडीवर नमद्याचं, दाबलेल्या लोकरीचं, घट्ट टोक, आणि दांडीच्या बुडाला एक लाकडी सांधा. त्यात टाचणीएवढी पिन. मंचरची हवा काही फार दमट नाही, पण पावसाळे किती गेले त्यावरून. सांधे फुगून आवळले होते. काही हातोड्या उठून अर्ध्यातच थांबायच्या, काही वाकड्या होऊन शेजारणीच्या तारेवर जायच्या. सांधे मोकळे करायचे, दांड्या सरळ करायच्या आणि सगळ्यांना एका ओळीत आणायचं, एवढंच काम.

शेठच्या दोन हमालांनी आतला हातोड्यांचा सांगाडा उचलून सतरंजीवर ठेवला. सुनेनं पीठ मळायची मोठी परात दिली. मी बापासारखीच मांडी घालून बसले आणि पंच्याऐंशी हातोड्या खोलून परातीत टाकल्या. मग एकेक घेऊन थिनरच्या बोळ्यानं पुसली, लाकडावर घासायचा झिरो पेपर फिरवला. काही लाकडांवर पेन्सिलीचं पुसटसं गिरबटलेलं होतं. तेही घासून काढलं. घाण दिसली की काढायची, हा हाताचा स्वभाव.

तेवढ्यात भाभी आवाज करायला लागल्या. "अं… अं…" डावा हात वर, पाय जमिनीवर आपटतायत. मी सुनेला हाक मारली, "वहिनी, भाभींना आत न्यायचं असंल बघा." सून धावत आली, बाथरूमला घेऊन गेली. परत येऊन बसल्या आणि पुन्हा तेच. पुन्हा आत नेलं. तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा शेठ वर आले आणि म्हणाले, दमली असंल, झोपवा तिला. जाताना भाभींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते मी पाहिलं. आजारपणात माणूस रडतं, असं म्हणून झिरो पेपरचा नवा तुकडा फाडला.

एका हातोडीची दांडी चिरलेली होती. ती न पुसता मी रुमालात गुंडाळून घरी आणली, सरस लावून बांधून ठेवावी म्हणून. सकाळी अंगणात उन्हाला धरून उलटी केली आणि बुडाशी पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं. परदेशी वळणाचा, बारीक, सरळ आकडा. एकेचाळीस.

तोंडचं पाणी पळालं म्हणतात ते काय असतं ते कळलं. ते गिरबटलेलं नव्हतं, ते नंबर होते. प्रत्येक हातोडीवर होते. आणि भाभींना ते ठाऊक असणार, त्या मला ओरडून सांगत होत्या, पुसू नको, पुसू नको.

पितळी सूर फुंकला की बोलतो. हातोडी बोलत नाही. नमद्याचा आणि लाकडाचा तुकडा तो, काय फुंकणार? मी खरंच एक तोंडाला लावून फुंकून पाहिली, इतकी माझी मती गेली होती. आणि कुठलीही हातोडी कुठंही चालते असंही नाही. प्रत्येकीचा तिरकेपणा वेगळा, टोकाची जाडी वेगळी, आणि इतक्या वर्षांत तारांनी प्रत्येकीच्या नमद्यात आपापली चाकोरी पाडलेली. चुकीची बसवली तर ती दोन तारांच्या मधे कुठंतरी आपटणार आणि आवाज फाटका येणार. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

जीपमध्ये बसले ती हातोडी पुन्हा रुमालात गुंडाळून, मांडीवर धरून. घोड नदीचा पूल आला तेव्हा वाटलं, इथंच उतरावं, पलीकडच्या जीपनं परत जावं आणि फोन बंद करून टाकावा. मंचरला सगळे उतरले तरी मी बसूनच. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, पुण्याला जायचंय का?"

सांगून टाकावं असं ठरवूनच जिना चढले होते. वर शेठ उभे. "ताई, आज कुटवर आलं?"

"चाललंय," मी म्हणाले. "लई घाण होती आत." एक खोटं बोललं की दुसऱ्याला जागा करावीच लागते. चार-पाच दिवस मी तेच करत होते. कधी पिना मिळत नाहीत म्हणाले, कधी सरस वाळत नाही. शेठ मान हलवायचे. त्यांनी एकदाही शंका घेतली नाही, त्याचीच जास्त भीती वाटायची. रागावणाऱ्या माणसाशी मला भांडता येतं. भरवसा ठेवणाऱ्याशी काय भांडणार?

आणि भाभी. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आवाज करायचा बंद केला. आमच्याकडं उसात बिबट्या आला की आधी कुत्री गप्प होतात, आणि ते गप्प होणंच अंगावर येतं. तसं वाटायचं मला त्या खोलीत. त्या बघत बसायच्या. माझ्याकडं, परातीकडं, पुन्हा माझ्याकडं. मधेच डाव्या हातानं उजवा हात उचलून कळीवर ठेवायच्या. आत हातोड्याच नाहीत, वाजणार काय? लाकडाचा खट् आवाज यायचा तेवढाच. प्रत्येक खट्ला माझ्या डोक्यात हिशोब व्हायचा, अजून एक दिवस गेला, अजून एक दिवस गेला. बोटं परत यायचे दिवस ते, आणि ते मी खात होते.

स्पीच थेरपीवाली मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. आतल्या खोलीतून तिचा आवाज ऐकू यायचा. "म्हणा आजी, आ. म्हणा, पाणी." माझा हात तिथंच थांबायचा. चोराच्या मनात चांदणं! मला वाटायचं, आत्ता भाभींना वाचा येणार आणि पहिलं वाक्य माझ्याबद्दलच असणार. आणि मग एके दुपारी माझ्या मनात जे आलं ते लिहायचीही लाज वाटते, पण आलं खरं. अजून आठ दिवस हिला बोलता येऊ नये. देवाबिवाकडं आमच्या घरात कुणी काही मागत नाही, बुद्धवंदना म्हणतो तेवढीच. पण त्या दिवशी मी मागितलं. एका मुक्या बाईचं मुकेपण मागितलं. आतून "आ" असा काहीतरी घशातला आवाज आला आणि मी घाबरून उठून उभीच राहिले.

त्या दिवशी मी बापाला पहिल्यांदा शिव्या घातल्या. मेलेल्या माणसाला घालू नयेत, पण घातल्या. मग जरा डोकं चालायला लागलं.

नमद्यातल्या चाकोऱ्या मी पुसलेल्या नव्हत्या, पुसताही आल्या नसत्या. जाड तारेची हातोडी असेल तर एक रुंद चाकोरी, दोन तारांची असेल तर दोन, बारीक सुरांना तीन-तीन तारा, म्हणून तीन. आधी त्यांचे ढीग केले. मग उंचीनं लावल्या, मोठ्या डावीकडं, लहान उजवीकडं. उरला शेजारणी-शेजारणींचा घोळ. दिसायला सगळ्या सख्ख्या बहिणी. मग आठवलं ते कपड्यांची नीळ. सुनेकडून पुडी मागितली. तारांना निळीचं कोरडं बोट लावायचं, हातोडी तिथं धरून हलकेच टेकवायची, आणि उलटी करून बघायची. निळा रंग चाकोरीच्या तळाशी उतरला तर घर बरोबर. कडेवर लागला तर शेजारीण.

सून म्हणाली, "ताई, निळीनं काय होतं?"

"गंज जातो," मी म्हणाले. अजून एक खोटं.

एक-एक हातोडी चार-चार घरांत नेऊन बघितली. हात निळे, साडी निळी. मधल्या हातोड्या लवकर सापडल्या, त्या भाभींनी जास्त वाजवलेल्या, चाकोऱ्या खोल. टोकाच्या कोऱ्या होत्या, त्यांनी जीव खाल्ला. पण प्रत्येक घर सापडलं की सांधा मोकळा करायचा, स्पिरिट-पाण्याचा थेंब सोडायचा, वाकडी जात असेल तर दांडीला मेणबत्तीची ऊब देऊन सरळ करायची. एवढं करूनही सरळ उठत नसेल तर सांध्यामागं लग्नपत्रिकेच्या कागदाची बारीक पट्टी. आठाचे अकरा दिवस झाले. शेठ आता विचारायचेही नाहीत, नुसतं बघून खाली जायचे.

बाराव्या दिवशी सगळ्या हातोड्या सतरंजीवर ओळीनं मांडल्या आणि पहिलीपासून पक्क्या बसवायला घेतल्या. चुकू नये म्हणून मोठ्यानं मोजत होते. बापाची लेक मोजत होती! एक, स्क्रू. दोन, स्क्रू. भाभी मागं खुर्चीत. शेठ आणि सून दाराशी उभे होते, आज वाजणार म्हणून सांगितलं होतं ना मी. माझी मान आखडली होती, आणि पाठीवर भाभींचे डोळे. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

पुढची रुमालातली होती. चिरलेली, सरस लावून बांधलेली. मी उचलली, तिच्या बुडावरचा तो आकडा पुन्हा दिसला, आणि माझं मोजणं तिथंच थांबलं. नुसती धरून बसले.

मागून आवाज आला, "एके… चा… ळीस."

घोगरा, ओढल्यासारखा, पण पुरता. मी वळलेच नाही. वळायची छातीच झाली नाही. शेठ धावले, सून धावली. "आई बोलल्या! पप्पा, आई बोलल्या!" शेठ भाभींच्या पायाशी गुडघ्यावर बसले, त्यांचा उजवा हात धरून रडायला लागले, एवढा भारदस्त माणूस. "परत म्हन. परत म्हन गं." भाभी पुन्हा म्हणाल्या. एकेचाळीस. आणि डावा हात माझ्या हातातल्या हातोडीकडं केला.

"कसलं एकेचाळीस?" शेठनी मला विचारलं.

मोजत होते म्हणून त्यांनी पुढचा आकडा म्हटला, एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. खोटंही नव्हतं ते. कुणालाही काही कळलं नसतं. मी हातोडी उलटी करून शेठच्या पुढ्यात धरली. "हा बघा. असे नंबर सगळ्यांवर व्हते. पयल्या दिवशी मी पुसून टाकले. मला कळलंच न्हाई. भाभी मला तेच सांगत व्हत्या, पुसू नको म्हणून. मला वाटलं त्यांना आत जायचंय. मंग बारा दिवस तुमच्याशी खोटं बोलले."

आता शिव्या पडणार म्हणून मी मान खाली घालून थांबले. शिव्या आल्या नाहीत. मी वर पाहिलं. शेठ माझ्याकडं बघतच नव्हते. ते सुनेकडं बघत होते, आणि सुनेनं तोंडावर पदर धरला होता.

"म्हंजे पयल्या दिवशी ती बोलत व्हती," शेठ म्हणाले. "तिला सांगायचं व्हतं. आन् आमी तिला तीनदा उचलून आत न्हेली."

खाली दुकानात पोती उतरवायचा आवाज चालू होता. भाभींनी डाव्या हातानं आपला उजवा हात शेठच्या हातातून सोडवून घेतला. मग त्याच हातानं खिडकीतली पेन्सिल उचलली, सुनेनं औषधांच्या वेळा लिहायला ठेवलेली, आणि माझ्यापुढं धरली.

मी बेचाळिसावी हातोडी घेतली आणि तिच्या बुडाला माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात बेचाळीस लिहिलं. मग मागं जाऊन एकपासून चाळीसपर्यंत लिहिलं, आणि मग त्रेचाळीसपासून शेवटापर्यंत. त्या बघत होत्या, एकही सोडू दिली नाही. शेठनी खाली निरोप पाठवला की आज मी दुकानात येणार नाही. ते भाभींच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले, आणि त्या जरा जरी आवाज करायच्या की विचारायचे, "काय म्हनतीस?"